फ्रेडीचा धर्मग्राम कोणता?

२०२५ च्या उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रूसाची वाट आटोपल्यावर पाचसहा मंडळी साक्रिस्टीत आम्हांस भेटावयास आली. त्यांच्या हाती एक निवेदन होते. दूरचित्रवाणीवरील मालिकांत ख्रिस्ती माणसे दारुडी, बावळट किंवा चवचाल दाखविली जातात, धर्मगुरूंना मांत्रिकाच्या पंक्तीस बसविले जाते, म्हणून यापुढे ख्रिस्ती पात्रे 'सुशील, निर्व्यसनी, सेवाभावी व देशभक्त' दाखविण्यात यावीत आणि धर्मगुरूंविषयीचे प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ख्रिस्तसभेच्या जाणकारांकडून तपासून घ्यावेत, अशी मागणी त्यात होती. स्वाक्षऱ्यांची चार पाने भरली होती. सर्वांत वर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंसाठी जागा कोरी ठेवली होती. आम्ही निवेदन दोनदा वाचले, पेन हाती घेतले आणि पुन्हा खिशाला लावले.

आम्ही सही केली नाही. त्यानंतर ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या परिचित कुटुंबांत या गोष्टीची बरीच चर्चा झाली. 'फादरांना आपल्या माणसांची चाड नाही' हे वाक्य दोन वेगवेगळ्या घरांतून आमच्यापर्यंत पोहोचले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ गृहस्थ सकाळच्या मिस्सेनंतर नित्य आमच्याशी दोन शब्द बोलत असत, ते आता बाजूच्या दाराने निघून जातात. तेव्हा या त्रैमासिकाच्या पानांवर आमची बाजू मांडणे आम्हांस भाग आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. निवेदनातील तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. १९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' ही गुन्हेशोधाची मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. गाजर खाणारा तो चतुर गुप्तहेर आणि त्याच्यासमोर भाबडे प्रश्न विचारून 'शट अप, किटी' हे शब्द ऐकून घेणारी त्याची सहायिका. किटीचा धर्म कोणी सांगितला नव्हता, परंतु आमच्या वर्गातील एका मुलीचे नाव तिच्या नावाशी मिळतेजुळते होते. पुढचे वर्षभर त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. त्याआधीच्या दशकातील चित्रपट रविवारी संध्याकाळी याच पडद्यावर येत. 'बॉबी'मधील जॅक ब्रागांझा, 'ज्युली'मधील बाटलीत बुडालेले वडील, 'अमर अकबर अँथनी'मधील गुत्ता चालविणारा अँथनी. ही सर्व पात्रे आमच्या पिढीला पाठ आहेत. त्यांपैकी शेवटच्याचे नाव ज्याच्यावरून घेतले, तो अँथनी गोन्साल्विस हा गोव्यातील माजोर्डे गावचा व्हायोलिनवादक होता, संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू होता आणि भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी १९५८ साली त्याने मोठी खटपट केली होती. अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी साऱ्या देशाला ठाऊक आहे, व्हायोलिनवाला अँथनी आपल्या घरांतही फारसा कोणास ठाऊक नाही.

भयमालिकांचे प्रकरण तर आमच्या प्रत्यक्ष सेवेशी निगडित आहे. १९९३ साली रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि १९९५ साली सोनी वाहिनीवर 'आहट' आली, त्या काळात आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की शेजारची मुले विचारीत, 'तुम्हांला भूत काढायला शिकवतात का?' आम्ही हसून वेळ मारून नेत असू. पुढे धर्मगुरू झाल्यावर हाच प्रश्न मोठी माणसे, आणि गंभीरपणे, विचारू लागली. रात्री दहा वाजता फोन येतो. 'फादर, घरात काहीतरी आहे, पवित्र पाणी घेऊन या.' आम्ही जातो. चाळीतील दोन खोल्या, दाराच्या चौकटीवर सुकलेली झावळी, कोपऱ्यात भेदरलेली पोरे. बसून तासभर ऐकले की 'काहीतरी' म्हणजे काय ते हळूहळू उलगडते. कोठे चिटफंडात बुडालेले पैसे असतात, कोठे महिन्यापूर्वी मेलेली व ज्या बाळाविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही ते बाळ असते, कोठे नवऱ्याची दारू असते. आम्ही प्रार्थना करतो, घराला आशीर्वाद देतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवितो. गेल्या सत्तावीस वर्षांत ही अशी बोलावणी किती आली याची आम्ही नोंद ठेवलेली नाही. परंतु एकदाही आमच्या हातातील क्रूसातून वीज बाहेर पडली नाही, हे मात्र निश्चित सांगू शकतो.

ख्रिस्तसभेचा नियम काय आहे? धर्मविधीसंहितेचे ११७२ वे कलम सांगते की, स्थानिक बिशपांची विशेष व स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कोणत्याही धर्मगुरूस अपदूत-निस्सारणाचा विधी करता येत नाही आणि ती परवानगी भक्ती, ज्ञान, विवेक व शुद्ध आचरण असलेल्या धर्मगुरूसच द्यावयाची असते. १९९८ साली संमत झालेल्या सुधारित विधीत तर, व्याधीलाच बाधा समजण्याची घाई करू नये, विधीला जादूटोण्याचे रूप येऊ देऊ नये आणि प्रसारमाध्यमांना तेथे प्रवेश नसावा, अशी ताकीद आहे. आणि पडद्यावर? पडद्यावरचा पाद्री नळदुरुस्तीला बोलावल्यासारखा येतो, पिशवीतून क्रूस काढतो आणि मोडक्या लॅटिनमध्ये ओरडतो. २००८ सालच्या '१९२०' या चित्रपटात असाच एक पाद्री भुतासमोर हतबल होतो आणि अखेरीस नायकाच्या तोंडच्या हनुमान चालिसेने भूत जाते. हा चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला की आमच्या काही मंडळींचा पारा चढतो. आपला पाद्री हरला, याचा त्यांना राग! आमचा राग निराळा आहे. त्या बिचाऱ्या पाद्र्याला कोणी माणूस म्हणून पाहिलेच नाही. तो रात्री झोपला का, त्याला भीती वाटली का, ज्या तरुण स्त्रीसाठी त्याला बोलाविले तिच्याविषयी त्याच्या मनात करुणा होती का, याच्याशी लेखकाला काही कर्तव्य नव्हते. तो जिंकला असता तरीही इतकाच पोकळ राहिला असता.

निवेदनाशी आमचा मतभेद येथून सुरू होतो. रोगाचे निदान बरोबर आहे, पण औषध म्हणून जे सुचविले आहे ते त्याच रोगाची दुसरी मात्रा आहे. दारुड्या पीटरच्या जागी निर्व्यसनी पीटर बसविला, चवचाल रीटाच्या जागी सेवाभावी परिचारिका रीटा उभी केली, म्हणजे आपले चित्रण झाले काय? रुग्णाच्या उशाशी मेणबत्ती घेऊन मंद हसणारी परिचारिका ही हिंदी पडद्याला काही नवी नाही. तिला पाहून आपल्या धर्मग्रामातील, कळवा रुग्णालयातील रात्रपाळी करून सकाळच्या गर्दीत दिव्याला गाडी बदलणारी, मुलाच्या शाळेची फी थकली म्हणून चिडचिडणारी आणि तरीही रविवारी गायनवृंदात मध्यम स्वर सांभाळणारी परिचारिका कोणास आठवेल? गुळगुळीत चेहऱ्याचा मनुष्य ही देखील एक प्रकारची बदनामीच आहे. तिच्याविरुद्ध आपण तक्रार करीत नाही, कारण ती आपल्याला सुखावते.

आम्ही काही नवे सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्क साधनांविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यात नैतिक दुष्टाव्याचे चित्रणदेखील, योग्य मर्यादा पाळल्यास, मनुष्याच्या अधिक सखोल ज्ञानाला उपकारक ठरू शकते असे प्रतिपादन आहे. पोप दुसरे जॉन पॉल हे स्वतः तरुणपणी रंगभूमीवर वावरलेले. त्यांनी १९९९ साली कलावंतांना लिहिलेल्या पत्रात अंतःकरणाच्या अत्यंत काळोख्या तळाशी उतरणाऱ्या कलाकृतीलाही तारणाच्या तळमळीचा आवाज मानले आहे. आपले निवेदन मात्र काळोखाची परवानगीच काढून घेऊ पाहते. चेस्टरटनने १९१० साली फादर ब्राऊन हा बुटका, गबाळा, छत्री विसरणारा धर्मगुरू गुन्हेशोधाच्या कथेत आणला. तो चोरांना ओळखतो, कारण वर्षानुवर्षे पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून त्याने माणसाचे पाप ऐकलेले असते. हिचकॉकच्या १९५३ सालच्या 'आय कन्फेस'मध्ये खुनी फादर लोगनपाशी पापनिवेदन करतो आणि मग खुनाचा संशय त्याच फादरवर येतो. पापनिवेदनाची गुप्तता मोडणारा धर्मगुरू तत्क्षणी बहिष्कृत होतो, म्हणून तो काही बोलू शकत नाही. सारे रहस्य त्या एका नियमावर उभे आहे. हे दोन्ही लेखक-दिग्दर्शक आपल्या धर्मातील बारकावे जाणत होते. कोणा समितीने त्यांच्याकडून सुशील धर्मगुरूची मागणी केली नव्हती.

आता फ्रेडीकडे वळू, कारण निवेदनाची ठिणगी त्याच्यावरूनच पडली.

'सी.आय.डी.' ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, आमचा गुरुदीक्षाविधी झाला त्याच वर्षी. 'आहट'चे निर्माते बी. पी. सिंग यांचीच ही निर्मिती. ऑक्टोबर २०१८ पर्यंत ती चालली आणि दीड हजारांहून अधिक भाग झाले. तीत एसीपी प्रद्युम्न, अभिजित, दया यांच्याबरोबर इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स उर्फ फ्रेडी होता. भुतांना घाबरणारा, पत्नीच्या धाकात असणारा, नको तेथे नको ते बोलून वरिष्ठांची बोलणी खाणारा. ही भूमिका दिनेश फडणीस यांनी केली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आमच्या युवक मंडळातील मुलांनी रविवारच्या मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली होती. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली आणि नाताळच्या कॅरोल गायनाच्या सरावात मुले गाण्यांपेक्षा फ्रेडीवरच अधिक बोलू लागली. कोपऱ्यात बसून आम्ही तो वाद ऐकला. तो येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण निवेदन लिहिणाऱ्या वडीलधाऱ्यांपेक्षा या पोरांनी अधिक विचार केला होता.

एका मुलाचे म्हणणे असे की, पथकात एकच ख्रिस्ती आणि तोच विदूषक, हा योगायोग नव्हे. डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने त्यास उत्तर दिले. 'अरे, तो विदूषक असेल, पण भित्रा असूनही तो दर वेळी आत शिरतो. दया दार तोडतो, त्याला भीतीच वाटत नाही, मग त्यात त्याचे शौर्य ते काय?' हे वाक्य ऐकून आम्हांस आमचे कितीतरी प्रवचन फिके वाटले. पाण्यावर चालू लागलेला आणि वारा पाहून बुडू लागलेला, दासीच्या एका प्रश्नाने गर्भगळीत होऊन तीनदा नाकारणारा प्रेषित पेत्र हा काय निर्भय पुरुष होता? निवेदन लिहिणाऱ्यांच्या हाती शुभवर्तमान दिले असते तर कोंबडा आरवण्याचा प्रसंग त्यांनी खचित गाळला असता.

परंतु पहिला मुलगा मागे हटला नाही. तो म्हणाला, प्रद्युम्नला मुलाचे दुःख दिले, अभिजितला हरवलेली स्मृती दिली, फ्रेडीला काय दिले? हा प्रश्न अचूक होता. आम्हीही ही मालिका बरीच पाहिली आहे (उपवासकाळ सोडून, हे कबूल करतो). आम्ही पाहिलेल्या भागांत फ्रेडी रविवारी मिस्सेला कोठे जातो, त्याची आई कोणती बोली बोलते, त्याचा धर्मग्राम वांद्रे की वसई की ठाणे, हे कधी कळले नाही. यावरही त्या मुलीकडे उत्तर होते. 'दयाला तर आडनावसुद्धा नाही. गुन्हेशोधाच्या मालिकेत कोणाला घर असते?' खरे आहे. या प्रकारच्या कथेला मृतदेह लागतो, घर लागत नाही. मात्र दयाला घर नसले तरी प्रेक्षक ते आपल्या मनाने भरून काढतो, कारण दयासारखी घरे त्याने दहा इतर मालिकांत पाहिलेली असतात. फ्रेडीचे घर तो कोठून भरणार?

वाद येथवर रंगला असता आतापर्यंत गप्प बसलेला एक तरुण उठला. तो ठाण्यातील एका कार्यालयात नोकरी करतो. म्हणाला, 'फादर, तुम्ही मघाशी हसलात. मला ऑफिसात सगळे फ्रेडी म्हणतात. माझे नाव निराळे आहे, पण साहेबही फ्रेडीच म्हणतात. काही चुकले तर हसतात, नाही चुकले तरी हसतात.' एवढे बोलून तो खाली बसला. कोणी काही बोलले नाही. गिटारवाल्याने उगाच एक तार पिळली.

त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. भित्र्या माणसाच्या शौर्याविषयी आम्ही जे काही सुंदर विचार योजले होते, त्यांचा या मुलाला काडीचा उपयोग नव्हता. तरीही दुखापत नेमकी कोठे झाली हे पाहिले पाहिजे. पडद्यावर एक फ्रेडी असणे हा अपराध नाही. पडद्यावर एकच फ्रेडी असणे हे दुखणे आहे. मराठी मालिकांत मूर्ख देशपांडे असतात, कारण त्यांच्या शेजारी शहाणे, लोभी, प्रेमळ, खुनशी असे पन्नास देशपांडे उभे असतात. त्या एका मूर्खावरून कचेरीतील देशपांड्यांना कोणी हाका मारीत नाही. आपला मात्र एकच मनुष्य आत शिरतो आणि साऱ्या समाजाचे ओझे त्याच्या पाठीवर पडते. मग तो घाबरला की आपण सारे भित्रे ठरतो. अशा वेळी 'त्या एकाला चांगला करा' असे म्हणणे म्हणजे ओझे तसेच ठेवून हमालाला नवे कपडे शिवण्यासारखे आहे.

याला एक दाखला आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' ही गूढमालिका सुरू झाली. सिंधुदुर्गातील आकेरी गावातील वाडा, नाईकांचे कुटुंब, मालवणी वळणाची भाषा. लागलीच कोकणातून ओरड झाली की ही मालिका कोकणची बदनामी करते, अंधश्रद्धेला खतपाणी घालते, ती बंद करा. आपल्या निवेदनाचीच भाषा! मालिका बंद झाली नाही. २०१९ साली तिचा दुसरा भाग आला आणि त्यात माधव अभ्यंकर यांनी अण्णा नाईक उभा केला. कपटी, लंपट, घरच्यांना छळणारा, माणसे मारणारा. अण्णांपेक्षा वाईट मनुष्य मराठी पडद्यावर शोधून सापडणार नाही. आणि काय झाले? अण्णा, शेवंता, माई, पांडू ही नावे घराघरांत गेली. मालवणी बोली, जी पूर्वी पडद्यावर विनोदाला फोडणी म्हणून वापरली जाई, तीत भय, वासना, मायेचे रडणे, सारे बोलले गेले. लोक आकेरीला तो वाडा पाहावयास जाऊ लागले. अंधश्रद्धेविषयीचा आक्षेप आम्ही निकालात काढीत नाही, त्यात तथ्य होते. परंतु कोकणी माणसाचा मान अण्णांच्या दुष्टपणाने गेला नाही, हे तरी मान्य करावे लागेल. त्या वाड्यात दत्ता होता, सुसल्या होती, शहरात स्थायिक झालेला लेखक माधव होता, तर्काने वागणारी नीलिमा होती. एका घरात इतक्या परींची माणसे असली की कोणा एकाला साऱ्या मुलुखाचा प्रतिनिधी व्हावे लागत नाही.

आमच्या माहितीत मराठी मालिकेत असे एकही ख्रिस्ती घर नाही. आणि पडद्यावरच्या ख्रिस्ती मनुष्याला मराठी येतच नाही, ही तर जणू धर्मश्रद्धाच होऊन बसली आहे. तो 'मॅन' म्हणतो, 'क्या बोलता है' म्हणतो आणि गोव्याच्या किनाऱ्यावर राहतो. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू रक्तसाक्षी झाले, तेव्हा पोर्तुगीज यावयास पावणेदोनशे वर्षे अवकाश होता आणि त्या धर्मबंधूंना आसरा देणारे घर येथल्याच नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाचे होते. माजिवडे-कोलबाडच्या ईस्ट इंडियन आज्या आजही लुगडे नेसतात आणि लग्नात उंबराच्या पाण्याला वाजतगाजत जातात. 'ईस्ट इंडियन' हे नाव आपण १८८७ साली घेतले, भाषा त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीच होती. कल्याण-डोंबिवलीत तर नगर-जालन्याकडून आलेली मराठी कुटुंबे, मंगळूरकर, गोवेकर, तमिळ, १९८८ साली स्थापन झालेल्या सिरो-मलबार धर्मप्रांताची मल्याळी कुटुंबे एकाच इमारतीच्या चार मजल्यांवर राहतात आणि पाण्याच्या टाकीवरून एकमेकांशी भांडतात. मालिकेला याहून अधिक साहित्य ते काय हवे?

मग ते लिहिले का जात नाही? येथे बोट वाहिनीकडून आपल्याकडे वळवावे लागते आणि म्हणूनच आमच्यावर रोष आहे. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून मराठी कादंबरीचा पाया घातला. त्यांनी तीत ख्रिस्ती लोकांच्या प्रतिमेची काळजी केली नाही, हिंदू विधवांचे दुःख मांडले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो, सिसिलिया कार्व्हालो यांनी मराठीत आयुष्य वेचले आणि दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्या ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यात मात्र आपण मुलांना इंग्रजी शाळेत घालतो, घरी मराठी बोलल्यास रागे भरतो आणि मग मराठी मालिकेत आपण का नाही, असे विचारतो.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. आमच्याच सभागृहातील सणाच्या कार्यक्रमात दरवर्षी एक प्रहसन होते. गेल्या खेपेस त्यात एक मोलकरीण होती, एक भय्या होता आणि एक मद्रासी फादर होते. मोलकरीण चोर होती, भय्या मूर्ख होता, फादरांचे उच्चार ऐकून सभागृह लोटपोट हसत होते. पहिल्या रांगेत आम्हीही हसत होतो. आपल्या घरांत काम करणाऱ्या दोन स्त्रिया मागच्या दाराशी आपल्या मुलांना घेऊन उभ्या होत्या, हे आमच्या ध्यानी दुसऱ्या दिवशी आले. निवेदनावर सह्या करणाऱ्यांत त्या प्रहसनाचे लेखक आहेत. 'फादर, ती केवळ करमणूक होती' असे ते म्हणाले. वाहिनीवाले तरी दुसरे काय म्हणतात?

असो. निवेदनाचे पुढे काय झाले तेही सांगतो. आम्ही मंडळींना परत बोलाविले. रेल्वेवाले ज्येष्ठ गृहस्थ आले नाहीत. उरलेल्यांबरोबर दोन संध्याकाळी बसून नवे पत्र तयार केले. त्यात सुशील, निर्व्यसनी वगैरे शब्द नाहीत. पापनिवेदनाची गुप्तता व भूतबाधेचा विधी यांविषयी ख्रिस्तसभेचा नियम काय तो सरळ लिहिला आहे आणि आपल्या लेखकांनी एखादे वेळी आमच्या वाड्या-वस्त्यांवर येऊन चार दिवस राहावे, जेवणाखाणाची सोय आम्ही करू, असे कळविले आहे. त्यावर आम्ही सही केली. उत्तर अद्याप आलेले नाही.

मात्र ज्याला ऑफिसात फ्रेडी म्हणतात, तो तरुण पावसाळ्यात एके दिवशी वही घेऊन आला. पंचवीस पाने लिहिली आहेत, मराठीत. कोलबाडचा एक ख्रिस्ती हवालदार, त्याची तापट आजी, तलावात सापडलेले एक प्रेत. भाषा अर्धी त्याच्या आजीची, अर्धी वर्तमानपत्राची. हवालदार भित्रा आहे. गोष्टीत एक फादर आहेत. ते जरा चिक्कू असून दुसऱ्याच्या ताटातील मासा उचलतात आणि खुनाविषयी त्यांना काहीतरी ठाऊक आहे. आम्ही दोन रात्री जागून वाचले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेन्सिलीने सुधारल्या. फादरांना हात लावला नाही.